भेगेवरची काच

टेकडीवरच्या पडक्या विहाराच्या राखणदाराला सगळे भन्ते म्हणत. डोक्यावर एक केस नाही आणि अठ्ठावीस वर्षं दिवसभर वावर त्या अवशेषांत, एवढंच त्याचं भिक्षूपण. बायको म्हणे, "कसले भन्ते! भिक्षूंनी संसार सोडला, ह्यांना डब्याची पिशवी आठवणीनं नेता येत नाही."

वर उरले होते विटांचे ओटे, कोठड्यांचे पाये आणि समुद्राकडच्या कड्यावर दीड पुरुष उंचीची एकच भिंत. सगळ्या टेकडीवर सावली काय ती तिचीच. आलेगेले तिच्या बुडाशीच डबे उघडत.

तिला एक भेग होती. पुरातत्त्व खात्याच्या इंजिनिअरबाईंनी भेगेवर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख लिहिली आणि बजावलं, "काच तडकली की भिंत हलली समजा. त्याच दिवशी फोन करा."

सात महिन्यांनी काच तडकली. आपलाच झाडू लागला असेल, असं भन्तेला वाटलं. बोलणी कोण खाणार? घरातल्या एका जुन्या तसबिरीची काच कापून त्यानं बेमालूम बसवली, वर तीच तारीखही घातली. दुसरी तीन महिन्यांत गेली. झाडू लागला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरी सांगायची तर पहिली सांगावी लागणार. त्यानं तिसरी बसवली. ती पाच आठवडे टिकली. बाई तपासणीला येत, अखंड काच बघत आणि वहीत लिहीत : भिंत स्थिर. ते दोन शब्द वाचून भन्ते झाडू उचलून दुसरीकडे जाई.

चौथी काच त्यानं एका संध्याकाळी लावली. सकाळी येऊन पाहतो तर तिचे दोन तुकडे. आणि त्याच वेळी खालून पायऱ्यांवर पोरांचा गलका!

शाळेची सहल होती. चाळीस पोरं, पुढे त्यांच्या बाई. भन्ते पायऱ्यांवर आडवा उभा राहिला.

"काका, वाट द्या ना. परवानगीचं पत्र आहे आमच्याकडे," बाई म्हणाल्या.

"आज नाही."

"का बरं?"

खरं ओठांवर येईना. तो म्हणाला, "साप निघालाय."

झालं! "साप! कुठंय? बघू, बघू!" म्हणत पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी सुसाट वर पळाली. पुढची तर भिंतीपासून दहा पावलांवर.

"साप नाही रे!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "भिंत पडतेय! मी खोटं बोललो! चार महिने खोटं बोलतोय मी!"

बाईंनी शिट्टी फुंकली. पोरं जागच्या जागी थांबली. बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि सगळ्यांना खाली नेलं.

मग त्यानं फोन लावला.

"अहो, पण मागच्या खेपेला काच तर धड होती," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"ती माझ्या घरची होती, बाई."

दुपारी त्या आल्या, भेगेत बोट घालून पाहिलं आणि ते झटकन मागे घेतलं. टेकडीच्या वाटेला बंदीचा दोर लागला. वहीची मागची पानं उलटून बाईंनी 'स्थिर' एकेक करून खोडलं. "फाटकाची चावी परवा ऑफिसात द्या," एवढंच बोलल्या.

तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला, भन्ते चावी घेऊन निघाला होता. बायको सोबत होती. वरून घरघर ऐकू आली, मग धुळीचा लोट. भिंत बुडाच्या जमिनीसकट समुद्रात गेली होती.

"डब्यांची वेळ," बायको पुटपुटली आणि तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

आता त्याला काम नाही. पण रस्त्यात कधी शाळेच्या बाई दिसल्या की तो हमखास थांबवतो. "पोरं बरी आहेत ना? चाळीसही?"

बाई त्याला हसत नाहीत. "चाळीसही," म्हणतात, आणि तो ऐकून घेईपर्यंत उभ्या राहतात.