उन्हात मिटलेली छत्री

तापलेल्या काळ्या कापडाचा वास आला की मला येरमाळ्याची ती वाट आठवते, आणि अजून माझं डोकं फिरतं. लग्नानंतरचा पहिला चैत्र होता. उन्हानं माझ्या तोंडावर लाल चट्टे उठायचे, म्हणून वडिलांनी मला नवी छत्री घेऊन दिली होती. एसटीतून उतरून मी सासूबाईंबरोबर चालू लागले, छत्री उघडली, तर पारावर म्हातारी माणसं बसलेली. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "मिट गं ती! मोठ्यांच्या म्होरं छत्री धरत्यात व्हय?" मिटली. पिंपळाच्या गार सावलीत बसलेल्यांचा मान माझ्या एवढ्याशा सावलीनं कसा काय कमी होणार होता, देव जाणे. थोडं पुढं जाऊन उघडली, तर समोरून बैलगाडीत चुलत सासरे. पुन्हा मिटली. मग मारुतीचं देऊळ आलं. देवळामागं चिटपाखरू नव्हतं, म्हणून परत उघडायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता, घर आलंच की." घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं! नाक, गाल नुसते भाजून निघाले. परवा कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालावरचे काळे डाग बघितले, त्या वाटेवरच्या उन्हाची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "तेव्हा छत्री नव्हती का तुमच्याकडे?" म्हटलं, "होती की. काखेत."