हवालदाराचे नऊ सेकंद

लोक मला म्हणतात, नवरा खोटं बोलत नाही, नशीबवान आहेस बाई. मी म्हणते, एक महिना घेऊन जा त्यांना, ठेवा तुमच्या घरी, मग बोलू. एका लग्नात यजमानांनी जेवायचा आग्रह केला, तर हे सरळ म्हणाले, "जेवून आलो जी. तसंही मागल्या वेळी तुमच्याकडं तेल जास्त झालं होतं." मी साडीचा पदर तोंडात कोंबून बाहेर पडले. घरी येऊन बोलले, तर म्हणतात, "तेल जास्त नव्हतं काय?" होतं! पण म्हणून सांगायचं असतं का?

यांची सगळी नोकरी फौजेत गेली. शेवटची वर्षं आम्ही कामठीच्या छावणीत क्वार्टरमध्ये काढली. हे हवालदार, आणि काम नव्या रंगरुटांना धावायला नि दोरावर चढायला शिकवायचं. मी नागपुरातल्या लकडगंजची. वडिलांचं तिथं लाकडाचं दुकान, आणि आमच्या घरचा कारभार सगळा अंदाजाचा. पाच मिनिटांत येतो म्हटलेला माणूस तासाभरानं आला तरी चहा तयार असायचा, कोणी मनाला लावून घ्यायचं नाही. अशा घरातून मी ज्या घरात आले, तिथं 'पाच मिनिटं' म्हटलं की सहाव्या मिनिटाला नवरा चपला घालून दारात उभा.

ते वर्ष यांचं नायब सुभेदार व्हायचं होतं. हवालदाराच्या वरची ती पायरी. खांद्यावर तारा येतो, जवान 'साहेब' म्हणतात, आणि आमच्यासाठी मुख्य म्हणजे नोकरीची वर्षं वाढतात. नाही झालं, तर ऐन चाळिशीत पेन्शन घेऊन घरी. क्वार्टर सुटणार, दहावीतली मुलगी शाळेतून काढावी लागणार. बाकी सगळं पार पडलं होतं. फक्त पाच किलोमीटर धावायचं राहिलं होतं, ठरलेल्या वेळेच्या आत. हजारो पोरांना धाववलेला माणूस, त्याला काय अवघड, असं मलाही वाटलं. पण यांचा डावा गुडघा तोवर कुरकुरायला लागला होता.

मग दिवाळीनंतर रोज पहाटे आमची वरात निघायची. छावणीच्या मागं एक सरळ रस्ता आहे, तिथल्या पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर, मी शाल गुंडाळून बसायची, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर घड्याळ लावलेलं. हे निघायचे, दूरच्या चौकीला वळसा घालून परत यायचे. धावणाऱ्यानं स्वतः घड्याळ पाहू नये, असा यांचा नियम. पाहिलं की पाय बिचकतात म्हणे. वेळ दुसऱ्यानं घ्यायची आणि शेवटी सांगायची. रंगरुटांनाही हेच शिकवायचे.

पहिल्या आठवड्यात रोज उशीर. कधी वीस सेकंद, कधी पंचवीस. हे काही बोलायचे नाहीत, फक्त गुडघ्याला हात लावून उभे राहायचे, आणि घरी येऊन पोळी अर्धीच खायचे. मला ते बघवेना. एक दिवस हे लांबून येताना दिसले, तोंड पार उतरलेलं, आणि हे पुलियाशी पोचायच्या आधीच मी घड्याळ थांबवलं. पाचेक सेकंद असतील. म्हटलं, "आज बरं धावले जी." त्या दिवशी यांनी पोट भरून खाल्लं.

मग काय, मला चटकच लागली. पाचाचे दहा झाले, दहाचे पंधरा. पुलियाच्या अलीकडं एक कडुनिंबाचं झाड होतं, ते यांनी ओलांडलं की माझं बोट पडायचं. मला वाटायचं, हुरूप आला की पाय आपोआप पळतील. चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही, खोटं कशाला बोलू? मी नवऱ्याला उभारी देत होते. परीक्षेला दहा दिवस उरले आणि यांनी माझ्याच आकड्यांवर हिशेब केला. म्हणाले, "आता वेळेच्या आत येऊन राहिलो. चढावर धावायचा सराव बंद करतो, गुडघा वाचवतो." तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, आराम करा."

परीक्षेच्या दिवशी दुपारी यांच्यासोबत यांचा दोस्त घरी आला. हाही हवालदार, आणि त्या दिवशी शेवटच्या रेषेवर वेळ लिहायला तोच उभा होता. टोपी काढून खुर्चीवर आपटली आणि म्हणाला, "वहिनी, समजवा याले. नऊ सेकंद. फक्त नऊ सेकंद लेट झाला. मी म्हटलं, लिहितो बरोबर, कोणी पाहून नाही राहिलं. तं हा शहाणा स्वतः येऊन म्हणते, माझी वेळ नीट लिही. अजून कागद माझ्याजवळ आहे. संध्याकाळी तो वर साहेबांकडं जाईन. बोला याच्याशी."

मी बोलले. बोलले कसली, भांडले. "लेकीचं दहावीचं वर्ष आहे जी! नऊ सेकंदात काय होते? त्या नऊ सेकंदात दुश्मन येऊन बसणार आहे काय?"

हे खाली बसून बूट सोडत होते. म्हणाले, "मागच्या महिन्यात एका पोराले दोन सेकंदासाठी नापास केलं मी. रडून राहिला होता. त्याले काय सांगू?"

"त्याले काही सांगू नका! तो कुठं इथं येऊन राहिला विचारायले!"

"मी त्याले रोज पाहतो," म्हणाले, आणि मोजे धुवायला घेऊन गेले.

मी एवढी तावातावानं का बोलत होते, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. खरं सांगून टाकलं असतं, तर निदान दोष कोणाचा ते तरी ठरलं असतं. पण तोंड उघडलं की यांच्यावरच ओरडणं बाहेर पडायचं. संध्याकाळी कागद वर गेला, नऊ सेकंदांसकट.

तीन महिन्यांनी हे पुन्हा धावले. या वेळी मी पुलियावर यायला नाही म्हटलं, म्हणून घड्याळ दोस्ताकडं होतं, सरावालाही. पास झाले, चांगले पास झाले. पण जागा तोवर यादीतल्या यांच्या मागच्या माणसाला गेली होती, आणि पुढची जागा निघायच्या आत यांची वर्षं भरली. हवालदार म्हणून निघाले. क्वार्टर सोडलं, नागपुरात दोन खोल्या घेतल्या. मुलीची शाळा मोडली ती मोडलीच, अकरावीला नव्या ठिकाणी ती वर्षभर कोणाशी बोलत नव्हती.

आणि मी? मी ते नऊ सेकंद यांना पुरते ऐकवले. त्या मागच्या माणसाच्या मुलीच्या लग्नात खांद्यावर तारे लावून पाहुणे फिरत होते, तेव्हा ऐकवले. गॅस संपला तरी ऐकवले. भाडं वाढलं तेव्हा तर विचारूच नका. "नऊ सेकंदांचे साहेब," असंसुद्धा म्हणाले एकदा. हे ऐकून घ्यायचे. त्यांनी ऐकून घेतलं की माझा आणखीच संताप व्हायचा.

आता हे सीताबर्डीत एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात गार्डांवर सुपरवायझर आहेत. परवा सकाळी डबा भरताना मला सांगतात, मालकाच्या भाच्याची हजेरी लावा म्हणून मॅनेजर मागं लागला आहे. भाचा नावाला गार्ड, महिनाभर कामावर आलेला नाही. "मी नाही म्हटलं. पाहू, मले कामावर ठेवते का काढते."

माझा ताबाच सुटला. डब्याचं झाकण ओट्यावर आपटलं. "पुन्हा तेच! एका नोकरीनं पोट नाही भरलं काय जी? नऊ सेकंदांसाठी सगळं घालवलं, अन् ते नऊ सेकंद तं तुमचे नव्हतेच! माझे होते! पुलियावर मी रोज घड्याळ आधी बंद करत होती. रोज! तुम्ही उशिराच येऊन राहिले होते, अन् मी खोटं सांगून राहिली होती!"

तोंडातून गेलं आणि मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं दाबलेली गोष्ट, आणि निघाली कशी, तर भांडणात, यांनाच दोष देता देता.

यांनी ओट्यावरचं झाकण उचलून डब्याला लावलं. मग म्हणाले, "किती सेकंद?"

"पंधरा. कधी जास्त."

मान हलवली. शर्टाचं वरचं बटण लावलं. आवाज नाही चढवला. मला वाटत होतं, आता तरी ओरडतील, एकदा तरी. मी कितीदा ओरडले होते.

"छावणीत कोणी न कोणी माझ्यासाठी खोटी वेळ सांगायले तयार होईन, हे मले माहीत होतं," म्हणाले. "दोस्त होते सगळे. म्हणून तं घड्याळ तुह्या हातात देलं होतं."

डबा घेतला आणि ड्युटीवर गेले.