आत्याचा तांबडा टायर, माझा काळा

त्या सकाळी मी राजूर घाटाच्या तोंडाशी सायकल घेऊन उभी होते आणि आत्या आली नव्हती. असं कधी झालं नव्हतं. तिथे आधी पोचलेली नेहमी तीच असायची, आणि मी वळणावर दिसले की लांबूनच विचारायची, "उठली का कॉन्व्हेंट?" मला फोन करायला अवघड जातं, वाट बघणं सोपं जातं. मी वाट बघत राहिले. मग फोन बाबांचा आला. बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. "ताई गेली," एवढंच म्हणाले, आणि मग, "ये. पण हळू ये." आत्या झोपेतच गेली होती. शेजारच्या काकूंनी हाका मारल्या, दार उघडलं नाही, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तिची सायकल हवा भरून, सकाळसाठी तयार, ओट्यावर उभी होती.

मी तिच्या घरी सायकलवरच गेले. जवळ दुसरं काही नव्हतं. अंगणात जमलेल्या बायकांनी माझं हेल्मेट पाहिलं, बूट पाहिले, आणि कुणीतरी हळू, पण मला ऐकू येईल इतपतच हळू म्हणालं, "या सायकलीनंच नेलं माय बाईले." मृत्यूनंतरचा जलदान विधी होईपर्यंत ते वाक्य सगळीकडे फिरून आमच्याच घरात मुक्कामाला आलं. पन्नाशी उलटल्यावर घाट चढायचा असते का. नवऱ्याचं घर सोडलेली बाई, तिले सांगणार कोण. मी खाली मान घालून चहाचे कप गोळा करत होते. आज लिहिते आहे, कारण ते वाक्य खोटं आहे, आणि बोलण्यापेक्षा मला लिहिता बरं येतं.

सुमनआत्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. लग्न तिनं तरुणपणीच मोडलं होतं, नोकरीवर बुलढाण्यात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, आणि कुणाच्याही घरी गेली तरी स्वतःच्या घराची आठवण काढत लवकर उठायची. पन्नाशीत तिनं बारीक चाकांची, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात चौकातल्या पानठेल्यावरून आवाज आला, "जयभीम मास्तरीणबाई, स्कूटी विकली काय?" आत्या थांबली, एक पाय खाली टेकला आणि म्हणाली, "जयभीम. स्कूटी हाये घरी. तुले पायजे असंल तर पेट्रोल टाकून घेऊन जा." त्यानंतर त्या ठेल्यावरून फक्त जयभीम यायचा.

मला तिनं कसं ओढलं, तेही सांगते. मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून तिच्या तोंडी मी 'कॉन्व्हेंट'. घरी सगळे वऱ्हाडी बोलतात, माझ्या तोंडून पुस्तकातलं मराठी येतं, आणि ते ऐकून पाहुणे हसतात. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. आता घरूनच एका कंपनीचं काम करते, म्हणजे गप्प राहण्याचाच पगार मिळतो असं आत्या म्हणायची. तिनं माझ्यासाठी एक वापरलेली सायकल मिळवली आणि सांगितलं, "चाल माझ्यासंगं. सायकलवर बोलाव लागत नाही." ते खरं निघालं. बोलायचं ते तीच बोलायची.

आमचा रस्ता ठरलेला. घाट उतरायचा, मोताळ्याला चहा, जमलं तर धामणगाव बढ्यापर्यंत, आणि परत घाट चढायचा. या रस्त्याला दोन दुखणी आहेत. घाटातली वळणं टायरची पकड बघतात, आणि खालचा रस्ता बाभळीच्या काट्यांनी टायरची कातडी बघतो. पहिले टायर असेच चाळण होऊन गेले. तेव्हा आत्यानं दोन प्रकारचे मागवले. एक नरम रबराचा, बाजूंना विटकरी रंग असलेला, तो तांबडा. दुसरा जाड, कडक, सगळा काळा, तो काळा. कोणता चांगला यावर दुकानदार, इंटरनेट आणि कॉलेजातले सर, सगळ्यांची मतं वेगळी होती. आत्या म्हणाली, "मतं कायले पायजे? आपण पाहू ना."

आणि पाहिलं ते आधी साफ चुकीचं. दोन्ही सायकलींना तिनं मागे तांबडा आणि पुढे काळा चढवला, आणि अख्खा हिवाळा आम्ही तसेच फिरलो. अशा सायकलीच्या टायरला मधोमध बारीक खळगे असतात. रबर झिजत गेलं की ते उथळ होतात, आणि दिसेनासे झाले की टायर संपला. हिवाळा सरला तेव्हा तांबड्याचे खळगे गेले होते, मधला भाग भाकरीसारखा सपाट झाला होता, आणि काळा जवळजवळ नवा होता. "तांबडा फुसका," आत्यानं निकाल दिला. मला कधीपासून काहीतरी खटकत होतं. मोताळ्याच्या हॉटेलात चहा येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, "आत्या, अंगाचा भार मागच्या चाकावर जास्त पडतो. पायडलचा जोरही त्यालाच लागतो. मागे काळा घातला असता तरी तोच आधी झिजला असता. आपण टायर नाही, मागचं चाक पुढच्याशी ताडून बघितलंय."

आत्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, आणि इतकी हसली की हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला. "जिंदगीभर पोरांले सांगतलं, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारखं ठेवा. अन् मीच... तुले कधीपासून माहीत होतं?"

"थोडे दिवस."

"मंग काऊन गप होती?"

"तू फिजिक्स शिकवतेस म्हणून."

"आता तू शिकव," ती म्हणाली आणि तिथेच नवे नियम करायला बसली.

नियम असे. एका सायकलला दोन्ही चाकांवर तांबडा, दुसरीला दोन्ही चाकांवर काळा. महिन्यानं आम्ही सायकली बदलायच्या, म्हणजे तिचा भार आणि माझा भार दोन्ही टायरवर सारखा पडेल. कोणता टायर हलका पळतो ते बघण्यासाठी घाटाच्या शेवटच्या उतारावर एका ठरलेल्या दगडापासून सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, आणि खालच्या सरळ रस्त्यावर जिथे आपसूक थांबेल तिथे खडूनं रेघ ओढायची. त्यातही मेख होती. जड माणूस जास्त लांब जातो, आणि मी आत्याच्या मानाने काडी. म्हणून माझ्या पाठीवर तुरीच्या डाळीची पिशवी आली. वजन जुळेपर्यंत आत्या तीत मूठमूठ डाळ टाकत होती. पिशवी बांधून मी रस्त्याच्या मधोमध हळूहळू थांबत चाललेली, आणि राजूरचा एक म्हातारा शेताकडे जाता जाता विचारतो, "बाई, पंक्चर हाये काय? काऊन ढकलून नाही राह्यली?" आत्या गंभीरपणे म्हणाली, "थांबू द्या तिले बाबा. ती आपल्या मनानं थांबून राह्यली." म्हातारा खरंच थांबला, आणि सायकल थांबेपर्यंत हलला नाही.

तांबडा दर वेळी काळ्याच्या पुढे जाऊन थांबायचा. ओल्या वळणावर तो रस्ता धरायचा, काळा थोडा सरकायचा. पण काळा टिकायचा, आणि काटे त्याला क्वचितच लागायचे. मी काळ्याच्या बाजूची होते. रस्त्यात चाक उघडून बसलं की माणसं जमतात, आणि मला ते नको असतं. आत्यानं हे ओळखलं होतं. "लोकं जमतात म्हणून तुले काळा पायजे. हे टायरचं कारण नाही, तुयं कारण हाये." यावर आम्ही पुष्कळ भांडलो. मी कुणाशी इतकी भांडले नाही.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, सुमनताई चंदनासारख्या झिजल्या. मला हसू आलं आणि ते लपवायला मी खाली वाकले. आत्यानं विचारलं असतं, कोणत्या रस्त्यावर, किती हवा भरून? झिजण्याचं तिला कौतुक नव्हतं. नरम रबर रस्ता धरतं म्हणून झिजतं, यात त्याग कुठे आला, असं ती म्हणाली असती. ती सायकल चालवायची कारण तिला घाट उतरताना वाऱ्याचा आवाज आवडायचा. बाईमाणसाला एवढं कारण पुरतं, हेच आपल्याला पचत नाही. मग कुणी तिला चंदन करतं, कुणी सायकलीला खुनी.

बाबांनी सायकलीला खुनी केलं. विधी आटोपल्यावर त्यांनी दोन्ही सायकली आत्याच्या मागच्या खोलीत ठेवल्या, कुलूप घातलं, चावी शर्टाच्या खिशात टाकली. मलकापूरच्या कुणा ओळखीच्या माणसाला देऊन टाकायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. मी म्हटलं, "माझी सायकल मला हवी आहे."

"तुले बी तसंच जायचं हाये काय?"

मी पुन्हा वाक्यं जुळवायला लागले, पण या वेळी ती जुळायच्या आधीच बाहेर पडली. "बाबा, आजोबा कशानं गेले?"

"छातीनंच."

"तेव्हा वयानं आत्यापेक्षा लहान होते?"

"हाव."

"ते सायकल चालवायचे?"

 आजोबांना सायकल येत नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "एकाच रक्ताची दोन माणसं," मी म्हटलं. "न चालवणारा कमी वयात गेला, चालवणारी जास्त वयात. मी असं म्हणत नाही की सायकलीनं तिला जास्त जगवलं. दोन माणसांवरून तसं ठरत नाही. पण सायकलीनं मारलं हेही ठरत नाही. आणि आत्याला बीपी निघालं तेव्हा झेपेल तेवढी चालवा असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तुम्ही सोबत होता."

"लई जबान चालवायले लागली," बाबा म्हणाले. मग खाली बसले. "मले माहीत हाये, पोरी. पण मोठी बहीण गेली माही. राग कोनावर तरी काढाव ना मानसानं."

"माझ्यावर काढा. सायकलीवर नको."

त्यांनी चावी दिली नाही. पण शर्ट धुवायला टाकताना ती खिशातून काढून खिडकीत ठेवली, आणि मग कधी परत उचलली नाही. मी कुलूप काढलं. त्या महिन्यात तांबड्याची सायकल माझ्याकडे यायची पाळी होती. तीच घेतली. चौकातून जाताना लोकांनी बघितलं. बघू दे. घाटाखाली पंक्चर झालं, माणसं जमली, मी त्यांच्या मधोमध बसून ट्यूब बदलली. एकानं विचारलं, "त्याच मॅडमची का वो ही?" मी हो म्हटलं, आणि त्याच्याच हातात पंप दिला.

परत येऊन आत्याच्या ओट्यावर बसले आणि मागचं चाक उघडलं. तिची एक पद्धत होती. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहिलं तर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचतं. म्हणून ती कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून गोल फिरवायची. टोक असलं की त्याला कापसाचा धागा अडकतो. यासाठी दाराच्या कोनाड्यात सरकीसकट कापूस ठेवलेला असायचा. अजून आहे. मी बोळा फिरवत असताना बाबा स्कूटीवरून आले. मी घाटावरून आले की नाही हे बघायलाच आले असणार, पण तसं म्हणाले नाहीत.  मग चपला काढून ओट्यावर बसले, कोनाड्यातला कापूस घेतला, आणि टायर माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर ओढला. एका जागी कापूस अडकला. त्यांनी चष्मा वर केला, नखानं दाबून काट्याचं टोक काढलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"हे झालं," म्हणाले. "आता पुढचं दे इकडं."