फॉर्मची मागची बाजू

आमच्या वधूवर सूचक केंद्रात नकार एकाच वाक्यात लिहिला जातो: पत्रिका जमत नाही. मुलगी सावळी वाटली, मुलाचे वडील फार बोलले, घरात माणसं जास्त निघाली, कारण काहीही असो. ग्वाल्हेरची मराठी घरं फोनवर एवढंच सांगतात आणि फॉर्मवर मीही एवढंच लिहिते. खरं कारण, आणि घरोघरी कानावर आलेलं बाकीचंही, मी फॉर्म उलटून मागे पेन्सिलीने लिहायची, म्हणजे पुढचं स्थळ सुचवताना घोळ व्हायला नको. ती बाजू फक्त माझी. दौलतगंजातल्या आमच्या खोलीत दोन टेबलं आणि एक कपाट. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी माझ्या मैत्रिणीकडे. शाळेपासूनची मैत्रीण. केंद्र दोघींनी मिळून काढलं. फोन आणि पत्रव्यवहार ती बघायची, घरोघरी जाऊन बसणं आणि ऐकून घेणं माझ्याकडे.

मागच्या वर्षी तिच्या डोक्यात एआय शिरलं. इंदूर-पुण्याची केंद्रं म्हणे कधीची पुढे निघून गेली. "आपण इथेच बसून राहू, बघ," ती म्हणाली. "तीन टूल काढलेत मी. तू महिनाभर चालवून बघ. तू जे बोलशील तेच घेऊ." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? या वयात कोणी आपल्याला यंत्राची पारख करायला सांगतंय म्हणून मी चांगलीच फुगले.

मग मी मन लावून कामाला लागले. पहिलं टूल परिचयपत्र लिहायचं. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या एका मुलीला त्याने 'साहसप्रिय' करून टाकलं, पण शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं होतं. दुसरं पत्रिका मांडायचं. आमच्या गुरुजींनी त्याच्या पाच पत्रिका ताडून बघितल्या आणि नाइलाजाने मान डोलावली. तिसरं सगळ्यांत हुशार. सगळे फॉर्म वाचून ते स्थळं सुचवायचं आणि दोन्ही घरांना मेसेजही स्वतःच धाडायचं. त्याला मी जुने चाळीस फॉर्म दिले, फक्त पुढची बाजू. त्याने गंभीरपणे निदान केलं की ग्वाल्हेरची लग्नं मुख्यतः ग्रहांमुळे अडतात. मी पोट धरून हसले. हसता हसता मैत्रिणीला म्हणाले, "याला काय कळणार कपाळ! खरी गोष्ट तर मागे लिहिलेली असते."

ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

महिना संपल्यावर माझा निर्णय मी कागदावर लिहून दिला. पहिली दोन घ्यावीत. तिसरं नको, कारण काय सांगायचं याच्याइतकंच कधी सांगायचं आणि कोणी सांगायचं हेही महत्त्वाचं असतं, आणि ते त्याला उमगत नाही. खाली दोनदा रेघ ओढून लिहिलं: मागची बाजू कुठल्याही यंत्राला द्यायची नाही. तिने वाचलं. "तू बोलली तर झालं मग," म्हणाली आणि चहा सांगितला. आम्ही समोसेही खाल्ले.

त्या सुमारास शिंदे की छावनीतल्या एका मुलीचं इंदूरच्या घरी जमत आलं होतं. मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. बाराव्या वर्षी औषध बंद झालं, त्यानंतर पुन्हा काही नाही. तिच्या आईने हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात, दार लोटून सांगितलं होतं. लपवायचं नव्हतंच तिला. "तिसऱ्या भेटीत मी स्वतः मुलाच्या आईशी बोलणार," ती म्हणाली होती. "तोपर्यंत माझ्या पोरीला लोकांनी पोरगी म्हणून तर बघू दे." मी तिचा हात धरून हो म्हटलं. दोन भेटी छान झाल्या होत्या.

तिसरी झालीच नाही. एका दुपारी ती आई केंद्रात आली आणि फोन माझ्यापुढे धरला. आमच्या केंद्राच्या नंबरवरून इंदूरला गेलेला मेसेज मुलाच्या आईने तिला परत पाठवला होता: 'मुलीला लहानपणी फिट्स येत. बाराव्या वर्षी औषध बंद. आईने विश्वासाने सांगितले आहे, कुठे बोलू नये.' मी कपाटातून मुलीचा फॉर्म काढून टेबलावर उलटा ठेवला; शब्द न् शब्द माझा होता. त्याच्याखाली इंदूरचं उत्तर: पत्रिका जमत नाही.

मी समोरच्या टेबलाकडे बघितलं. मैत्रीण चष्मा पुसत होती.

"तूच तर बोलली होती ना, खरी गोष्ट मागे असते म्हणून," ती म्हणाली. "मी इंदरगंजातल्या दुकानात सगळे फॉर्म दोन्हीकडून स्कॅन करवून घेतले. आता मशीन सगळंच पाठवून देईल, हे मला काय माहीत?"

"कधी केलंस हे?"

"तू टेस्ट करत होती ना, तेव्हाच. पैसे भरून झाले होते गं. तुला वाईट वाटलं असतं."

म्हणजे मी महिनाभर ज्याचा निर्णय करत होते तो आधीच झालेला होता. माझा कागद तिने वाचला तो चहाबरोबर, तोंडदेखला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत ती माझ्याशी भांडली असती तर मी सोसलं असतं. तिने मला खेळणं देऊन एका कोपऱ्यात बसवलं होतं. माझा तोल सुटला. विश्वासघातकी म्हटलं, कपाटाची किल्ली तिच्या टेबलावर आपटली, आणखीही बरंच बोलले. ती रडायला लागली तरी मी थांबले नाही.

मुलीच्या आईनेच मला थांबवलं. तिने टेबलावरचा आपल्या मुलीचा फॉर्म उचलला आणि मागचं माझं पेन्सिलीचं अक्षर शांतपणे वाचलं. मग घडी करून पर्समध्ये ठेवला.

"त्यांच्यावर कशाला ओरडता?" ती म्हणाली. "त्यांना तर मी काही सांगितलंच नव्हतं."