कंपोस्टच्या चहाचा वास

"जरा वास घ्या आणि सांगा," म्हणत काका तांब्या थेट नाकाशी धरायचे. आत चहाच्या रंगाचं पाणी. तुम्ही कामाला निघालेले, हातात डबा, एकच पाय चपलेत. त्यांना त्याचं काही नसे. असा एखादा तुमच्याही इमारतीत असेल.

मानपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले. तिथल्या वाफांनी त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. आणि नंतर छंद धरला तो नेमका नाकाचा! डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेसाठी ते कंपोस्टचा चहा करायचे. पिंपभर पाणी, त्यात फडक्यात बांधलेलं गांडूळखत, थोडा गूळ, आणि माशांच्या टाकीला लावतात तशा पंपाची नळी. दिवसभर बुडबुडे. ओल्या मातीचा वास आला की चहा तयार, आंबूस आला तर फेकायचा. ते ठरवायला त्यांना आमची नाकं लागत.

एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. पंप बंद केला की काही तासांत चहा झाडांना मिळायला हवा, म्हणून भरल्या ताटावरून उठायचे. वीज गेली की काठीनं पिंप ढवळत राहायचे. "हवा नसली तर आतले जीव मरतात, ताई." बायको गेल्यापासून ते असे झाले, असं लोक म्हणत. मी त्यांना आधीपासून ओळखत होते. ते आधीही असेच होते.

एका शुक्रवारी सकाळी गेलेली वीज दुपारपर्यंत आली नाही. काका सकाळपासून काठीनं ढवळतच होते. मी आईला डॉक्टरकडे न्यायला निघालेले, रिक्षा फाटकाशी उभी. तांब्या पुढे आला. मी नुसती मान वाकवली, छान आहे म्हणाले आणि निघाले.

तळमजल्यावरच्या मावशींनी वांग्याची रोपं केली होती. बी वसईच्या माहेरचं, त्यांच्या आईनं जपलेलं. माहेरची वाडी विकली गेली होती, म्हणून उरलेलं सगळं बी त्यांनी त्या वर्षी पेरलं. काकांनी तो चहा त्या रोपांना घातला. चार दिवसांत रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. मावशींनी कुंड्या उचलल्या आणि दार लावून घेतलं.

काकांनी दोष स्वतःवर घेतला. माझं नाव काढलं नाही, आणि मीही गप्प राहिले. मग दर रविवारी ते वसईला जायला लागले. मावशींच्या माहेराजवळच्या वाड्यांत दारोदार फिरून ते जुनं वांगं कुणाकडे आहे का, विचारत राहिले. पाचव्या की सहाव्या फेरीत एका म्हातारीच्या परसात ते सापडलं. पिकून पिवळं पडलेलं एक वांगं त्यांनी मावशींच्या हातात ठेवलं. मावशींनी देठाच्या काट्यांवरून बोट फिरवलं, 'हेच' म्हणाल्या आणि काकांना जेवायला बसवलं. त्या दिवशी ते ताटावरून उठले नाहीत.

पुढच्या वर्षी गुडघे थकले. काका ठाण्याला, खोपटला मुलीकडे निघाले. सामान टेम्पोत चढत असताना मी त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं, की त्या शुक्रवारी मी वास घेतलाच नव्हता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही श्वास ओढलाच नाहीत."

"मग घातलात कशाला?"

"एवढं ढवळलेलं ओतून द्यायला जीव होईना, ताई. कुणीतरी छान म्हणायला हवं होतं, तेवढंच."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टेम्पो निघाला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत काका खिडकीतून अर्धे बाहेर वाकून सामानाची दोरी नीट बांधली आहे का ते पाहत होते.