पतंग आले, पण मोटारसायकलला

“सापळे रिकामे, म्हणजे पाखरू नाही. पाखरू नाही, म्हणजे अळी नाही. मग फवारणी कशाला?”

झरीच्या नामदेवमामांच्या ओसरीवर बशीतला चहा फुंकत मी छाती फुगवून सांगत होतो. मी पीक सल्लागार. शेजाऱ्यांचे फवारणीचे पंप केव्हाच फिरले होते. मामांचं सोयाबीन माझ्या शब्दावर तसंच उभं होतं.

सापळा म्हणजे कामगंध सापळा. नरसाळ्याखाली पिशवी, वर रबराची बारकी ल्यूर, म्हणजे आमिष. तिला मादी पतंगाचा वास. नर भुलून येतो नि पिशवीत पडतो. किती पडले, त्यावरून फवारणी ठरते.

दिवेलागणीला मामांच्या घरच्या काशीकाकू अंगणातून ओरडल्या, “साहेब, पाखरू न्हाई म्हनायलाव, मग तुमच्या गाडीभवती हे कोन नाचायलेत?”

माझ्या मोटारसायकलच्या बॅगेवर तपकिरी पतंग घिरट्या घालत होते. पंखांवर पांढुरक्या रेघा. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचे नर. नाव तंबाखूचं, पण सोयाबीनचीही ती चाळणी करते. बॅग उघडली. आत याच पतंगाच्या ल्यूरचं फाटकं पाकीट! सापळ्यांत मी हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ल्यूर लावून बसलो होतो. प्रत्येक जातीचा वास निराळा. या नरांनी माझ्या सापळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आमच्या साहेबांना फोन लावला.

“सर, तो शून्याचा रिपोर्ट...”

“छान होता. काय झालं त्याला?”

“पतंग आहेत. माझ्या गाडीवर.”

“गाडीला फवारणी नको. शेत बघा.”

उजाडताच आम्ही तिघं सोयाबीनमध्ये वाकलो. ही मादी पुंजक्यानं अंडी घालते, वर स्वतःच्या अंगाची लव पसरते. बारक्या अळ्या आधी एकाच पानावर घोळक्यानं राहतात, पानाची जाळी होते. एकदा पांगल्या की हाती लागत नाहीत. बांधाकडेला पुंजके सापडले, काही जाळीदार पानंही. अळ्या अजून पांगल्या नव्हत्या. पानं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली. सगळं रान पालथं घालून मामा म्हणाले, “बाकी साफ हाय.” मी हुश्श करत बांधावर बसलो.

मग योग्य ल्यूर लावली. पिशव्यांत नर पडू लागले आणि मी रोज पानं तपासू लागलो. फवारणी शेवटपर्यंत लागली नाही. सापळ्यात शून्य आलं की आधी सापळा तपासावा, मग शेत. छाती फुगवायची ती त्यानंतर.

काकूंनी मात्र वेगळाच धडा घेतला. “पुढच्या बारीला सापळे नगंत. साहेबाची गाडीच बांधावर लावा.”

“आन् साहेब?” मामांनी विचारलं.

“त्यांला च्या द्या. काम गाडी करायली.”