मागची सीट कापण्याआधी

डोळा लागतोय.

ही झोपायची जागा नाही, हे मला मान्य आहे. पाठीखाली येझडीची काढून ठेवलेली सीट आहे, डोक्याखाली माझ्याच चपला आहेत आणि पायाशी खुद्द येझडी उभी आहे, चालू. कित्येक महिन्यांनी आज तिचं इंजिन पेटलंय. आता ती दम्याच्या म्हाताऱ्यासारखी धकधकतेय आणि मला तिला बंद करवत नाहीये.

शटर खाली आहे, कारण बाहेर खोतकाकूंचे उडदाचे पापड वाळताहेत. मागच्या वेळी मी शटर उघडं ठेवून गाडी सुरू केली, तेव्हा सगळ्या पापडांना टू-स्ट्रोकचा वास लागला. काकूंनी त्यातला एक भाजून मला समोर बसवून खायला लावला. वास खरंच येत होता. तेव्हापासून शटर खाली.

एप्रिलची दुपार, पत्र्याची शेड, निळसर गोडूस धूर. डोकं जड झालंय. पाचच मिनिटं पडतो, मग उठून फ्रेमचं मागचं टोक ग्राइंडरनं उडवतो. कुठं कापायचं तिथं खडूनं रेघ मारून ठेवलीय. या गाडीची मी कॅफे रेसर करतोय. म्हणजे हँडल खाली घ्यायचं, आरसे, मडगार्ड, साडीगार्ड सगळं काढून टाकायचं आणि मागं टेंगूळ असलेली एकट्यापुरती सीट बसवायची.

"एकट्यापुरती?" शालनआत्या म्हणते.

ती माझ्या टूलबॉक्सवर बसलीय. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पदराला खांद्यावर तिची नेहमीची सेफ्टीपिन. गाडी मूळची तिची. आरोग्यकेंद्राची नर्स होती ती, आणि मिरजेच्या पूर्वेला असं एक गाव नसेल जिथली कुत्री या गाडीच्या मागं धावली नसतील. मागच्या वर्षी ती झोपेत गेली. अंगावरचं सगळं उतरवलं, पण पदराची पिन आईनं काढू दिली नाही. ती तिच्यासोबतच जळली.

"आत्या, तू मेलीयस," मी तिला आठवण करून देतो.

"मला सांगालायस व्हय?" ती म्हणते आणि कानाखाली वाजवते.

तिची थप्पड अख्ख्या खानदानात प्रसिद्ध होती. माझी एक दाढ निखळून फरशीवर पडते, वॉशरसारखी गरगर फिरते आणि टेबलाखाली जाते. टेबलाखालचं काही परत मिळत नाही, हा या शेडचा नियम आहे.

"ऊठ, मुडद्या."

"पाच मिनिटं."

"मलाबी पाचच मिनिटं पडायचं हुतं. लोकं म्हणत्यात, झोपेत गेली, सुखाची झाली. डोंबलाचं सुख! तोंडात पानाचा तुकडा तसाच राहिला."

ती जुनं वर्तमानपत्र फरशीवर पसरते. मी गाडी खोलताना पसरतो तसंच, चारी कोपऱ्यांवर नट ठेवून.

"वजन कमी करायचंय ना? बघू दे."

आधी ती माझे कान काढते. डावा सहज येतो, उजव्याला दोन हिसके द्यावे लागतात. "आरसे," ती म्हणते आणि कागदावर ठेवते. मग माझ्या छातीवर गुडघा देऊन ती बरगडीत बोटं घालते आणि ओढते. कट्. "साडीगार्ड." कट्. "हे मडगार्ड. कामाचं न्हाई." रक्त फारसं येत नाही, काळं ऑइल येतं. ते ती बोटावर घेऊन वास घेते. "कधी बदललंवतंस?"

"आत्या, दुखतंय."

"कुठं?"

नीट विचार करून पाहिलं तर कुठंच नाही. हे मी तिला सांगतो. तिचा चेहरा पडतो. ती माझं नाक धरते आणि पान्यानं पाव फेरा फिरवते.

"आता?"

"नाही."

"हे वाईट," ती म्हणते. पेशंटजवळ उभी राहून ती असंच हळू बोलायची. लोक तिच्या थपडेपेक्षा या आवाजाला घाबरत.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलोय. शेडची भिंत होती तिथं स्टोव्ह फरफरतोय. धूर इथंही आहे, दुधात मिसळून वर येतोय.

"कॅफे रेसर म्हंजे काय रे नेमकं?"

"पूर्वी विलायतेत पोरं एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावायची."

"म्हंजे या टपरीवरनं त्या टपरीवर."

"हो."

"त्यासाठी माझी गाडी कापणार."

"हो."

ती चहाचा ग्लास माझ्या कपाळावर फोडते. चहा गरम असणार, पण मला तो नुसता ओला लागतो. टपरीवाला कपाळावरच्या काचा मोजून वेगळं बिल लावतो. मला हसू येतं.

"दात काढू नकोस. माझ्या मयतालाबी दात काढत हुतास."

"तिरडीवर तुझे बूट बाहेर आले होते आत्या. सगळेच हसत होते."

"सगळी हसून मग रडली. तू तेवढा राहिलास." ती पुढं वाकते. "मागं कोण बसणार, हर्षल्या?"

"कोणी नाही. एकट्याची गाडी असते ती."

"मग तू पडलास तर तुला कुणाच्या मागं घालून न्यायचं?"

याला माझ्याकडं विनोद नाही. शोधतोय, पण तो बहुतेक त्या टेबलाखाली गेलाय. आणि मांडीपासून खाली पाय आहेत की नाहीत, हेही कळेनासं झालंय.

ती माझे दोन्ही घोटे धरते आणि मला उलटं उचलते.

टपरी उलटी होते. आकाश खाली आहे आणि वर बेडगकडं जाणारा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना बाभळी. कडेला येझडी स्टँडवर उभी आहे, नवीकोरी लाल, चालू. धक, धक, धक. सीट काढून रस्त्याच्या कडेला ठेवलीय आणि सीटवर आई पडलीय. माझ्या आत्ताच्या वयाची आहे ती. केस घामानं कपाळाला चिकटलेत.

ही जागा मला माहीत आहे. इथं मी कधी आलेलो नाही, फक्त जन्मलोय. आत्या आईला मागं बसवून दवाखान्यात नेत होती आणि मला दवाखान्यापर्यंत दम निघाला नाही. ही गोष्ट घरात प्रत्येक सणाला सांगतात, पुरणपोळीबरोबर. मी येतो, पण रडत नाही. निळा पडतो.

"वन्सं," आई विचारते, "रडला का?"

"रडंल की," आत्या म्हणते आणि माझ्या पाठीत धपाटा घालते. माझ्या आत काहीतरी तुटल्याचा आवाज येतो, पण तो फार लांबून येतो. दुसरा धपाटा. तिसरा. ती मला बाभळीच्या बुंध्यावर आपटते, धोबी चादर आपटतो तशी. बुंध्याची साल उडते.

"रडला का, वन्सं?"

"न्हाई गं. दात काढतोय."

मी खरंच हसतोय. उलटं लटकून, कान नाहीत, बरगड्या नाहीत, सगळं कसं हलकं झालंय. असा हलका मी कधीच नव्हतो. गाडी सुरू आहे, रस्ता मोकळा आहे. एकट्यानं निघून जायला इतकं सोपं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"आत्या, सोड. मी जातो."

"कुठं?"

"पुढच्या टपरीवर."

ती मला आणखी घट्ट धरते. आई सीटवरून उठायचा प्रयत्न करतेय, उठता येत नाहीये, हात पुढं करतेय. ती आता विचारत नाही, ओरडते.

"वन्सं! रडला का?"

"रड की रं, भाड्या," आत्या माझ्या तळपायाशी तोंड आणून म्हणते. तिच्याच डोळ्यांतून पाणी गळतंय, खाली, म्हणजे माझ्या तोंडात. "रड. मोठ्यानं रड. तुझी आई हाय इथं."

दुसऱ्या हातानं ती पदराची पिन काढते. दातानं उघडते. पदर सुटून वाऱ्यावर उडतो. ती माझ्या उजव्या तळपायाच्या मधोमध पिन टेकवते आणि आख्खी आत घालते.

दुखतं.

इतकं दुखतं की कान परत येतात, बरगड्या परत येतात, सगळं वजन एकदम अंगावर कोसळतं. आणि मी रडतो. बोंबलतो. माझाच आवाज पत्र्यावर आदळून परत येतोय आणि त्या आवाजानं मी डोळे उघडतो, तर समोर नुसतं निळं आहे. शेड कुठं संपते ते दिसत नाही. उभं राहायला जातो तर पाय टेकत नाही. गुडघ्यांवर, कोपरांवर, ओकत ओकत मी शटरपर्यंत जातो, खालच्या पट्टीत बोटं घालतो आणि उचलतो. ते वीतभर वर येतं. तेवढ्या फटीतून मी बाहेर येतो. आधी डोकं.

ऊन आहे. हवा आहे. मी पापडांवर पडलोय.

"अरे माझे पापड!" खोतकाकू जिन्यावरून किंचाळत उतरतात. "आग लागो तुझ्या गाडीला! तरी सांगत होते..." मग त्या माझा चेहरा बघतात, शटरखालून रांगत येणारा धूर बघतात आणि शटर वर ढकलून, पदर नाकाला लावून आत घुसतात. इंजिन बंद होतं. बाहेर येऊन त्या खोकतात, मला बसतं करतात आणि पाठीत एक जोरदार धपाटा घालतात.

"मेला असतास की रे!"

मी रडतोय. थांबत नाहीये. नाक वाहतंय, उचक्या लागल्यात, अंगाला उडदाचं पीठ चिकटलंय. काकू पदरानं माझं तोंड पुसतात आणि विचारतात, कुणाला बोलवू, आईला फोन लावू का. मी मान हलवतो. लावा. त्या फोन कानाला लावतात आणि पहिलंच वाक्य बोलतात, "घाबरू नका, बरा आहे तो. रडतोय नुसता."

पलीकडं आई काय म्हणते ते मला ऐकू येत नाही.

उजवा पाय टेकवत नाही म्हणून मी तो मांडीवर घेतो. तळपायाच्या मधोमध, मुळापर्यंत रुतलेली, एक उघडी सेफ्टीपिन. ओढून काढतो. रक्त येतं, लाल. पिन काजळीनं काळी झालीय, हाताला राख लागते. तिच्या टोकाजवळ, जिथं दातानं धरून उघडतात तिथं, दातांचे दोन बारीक खड्डे आहेत.